समग्र वाङ्मयाचे खंड आणि झोटेरोतली गर्दी

प्रश्न: मी राज्यशास्त्रात पीएचडी करते आहे. प्रबंध मराठीत आहे, विभागाने एपीए या संदर्भपद्धतीची सातवी आवृत्ती सक्तीची केली आहे आणि संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले आहेत. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस' हे शासकीय खंड माझा मुख्य आधार. पण संदर्भसूचीत एकाच शीर्षकाच्या नोंदींची रांग लागली आहे, मजकुरात आंबेडकर २०१४ए, २०१४बी, २०१४सी असे चालले आहे आणि दोन ठिकाणी संपादक वसंत मून हेच लेखक म्हणून छापले जात आहेत. पूर्ण संचाची एक नोंद करायची, खंडागणिक एक, की लेखागणिक? चौदाव्या खंडाचे दोन भाग आहेत, ते कोणत्या रकान्यात लिहायचे? साल कोणते धरायचे? एकाने सुचवले आहे की झोटेरो ज्या नोंदी डुप्लिकेट म्हणून दाखवते त्या मर्ज (एकत्र) करून टाक. करू का?

उत्तर: मर्ज करू नका. हे पहिल्यांदा सांगतो, कारण तुमच्या यादीतले बाकी सगळे दुरुस्त होण्यासारखे आहे, पण हे एक बटण दाबले की काम वाढते. दोन नोंदी एकच आहेत असा अंदाज बांधताना झोटेरो शीर्षक, डीओआय (लेखाचा डिजिटल ओळख क्रमांक) आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) पाहते, मग प्रकाशनवर्ष आणि लेखकाचे नाव ताडते. या यादीत खंड क्रमांक नाही. तुम्ही प्रत्येक खंडाला संचाचेच नाव शीर्षक म्हणून दिले आहे आणि सगळीकडे २०१४ हे साल आहे, त्यामुळे पहिला खंड आणि नववा खंड ही त्याच्या लेखी एकाच पुस्तकाची दोन कार्डे ठरतात. मर्ज केल्यावर एक नोंद उरते, दुसरी कचरापेटीत जाते आणि प्रबंधात नवव्या खंडाचा दिलेला संदर्भ पुढच्या रिफ्रेशला पहिल्या खंडाकडे बोट दाखवू लागतो. पान क्रमांक तसाच राहतो, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसतही नाही.

आता मूळ प्रश्न: नोंद कशाची करायची? कसोटी साधी ठेवा. तुमच्या मजकुरात ज्या लेखनाचे नाव येते आणि वाचकाला जे उघडून पाहायचे आहे, त्याची नोंद. पहिलाच खंड घ्या. त्यात 'कास्ट्स इन इंडिया' हा १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला आणि १९१७ साली छापलेला निबंध आहे, १९३६चे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, १९४७चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आहे आणि १९५५चे 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स'ही आहे. जवळपास चाळीस वर्षांचा विचार एका पुठ्ठ्यात बांधलेला आहे. 'खंड १' अशी एकच नोंद केली तर विद्यार्थीदशेतला निबंध आणि भाषावार प्रांतरचनेवरचे उत्तरायुष्यातले लेखन या दोन्हींच्या पुढे तेच साल लागते. राज्यशास्त्राच्या प्रबंधात ही केवळ मांडणीची चूक नाही. विचार कसा बदलत गेला हेच तुम्हाला दाखवायचे असेल, तर संदर्भ त्याच्या विरुद्ध साक्ष देत बसतो.

म्हणून तुमच्यासाठी लेखागणिक नोंद. झोटेरोत नोंदीचा प्रकार 'बुक सेक्शन' निवडा आणि रकाने असे भरा. 'टायटल'मध्ये फक्त लेखाचे नाव: ॲनिहिलेशन ऑफ कास्ट. 'ऑथर'मध्ये आंबेडकर. 'बुक टायटल'मध्ये संचाचे नाव, डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस, त्यापुढे खंड वगैरे काहीही नाही. 'एडिटर'मध्ये वसंत मून. 'व्हॉल्यूम'मध्ये नुसता १. 'पेजेस'मध्ये तो लेख त्या खंडात जिथे सुरू होतो आणि संपतो ती पाने. 'पब्लिशर' आणि 'डेट' तुमच्या हातातल्या प्रतीवरून. 'बुक ऑथर' असा आणखी एक पर्याय नावांच्या यादीत दिसेल, तो रिकामा ठेवा. लेखाचा आणि खंडाचा लेखक एकच असताना तो भरला, तर काही शैलींमध्ये (संदर्भ कसे छापायचे ते ठरवणाऱ्या नियमांच्या फाइलींमध्ये) तेच नाव दोनदा छापले जाते.

मून लेखक म्हणून का येतात याचे कारण बहुधा इथेच सापडेल. ग्रंथालयाच्या सूचीतून किंवा संकेतस्थळावरून नोंद आयात केली की संकलकाचे नाव पुष्कळदा 'ऑथर' म्हणून येते, कधी प्रकाशक खात्याचे नावच लेखकाच्या जागी बसते. नावाच्या डावीकडे 'ऑथर' असे लिहिलेले असते, त्यावर क्लिक करा आणि 'एडिटर' निवडा. संपादकाचे नाव मात्र प्रत्येक खंडाच्या शीर्षकपानावरून वेगळे घ्या. मून २००२ साली वारले आणि त्यानंतरही खंड निघत राहिले, तेव्हा सरसकट सगळ्यांना त्यांचेच नाव लावून चालणार नाही.

आयएसबीएन टाकून नोंद ओढून घेण्याची सवय असेल, तर खंडांच्या बाबतीत ती आवरा. बहुखंडी प्रकाशनांवर बरेचदा दोन क्रमांक असतात, एक त्या खंडाचा आणि एक पूर्ण संचाचा. संचाचा क्रमांक टाकला तर कोणताही खंड हातात असो, एकच माहिती येते, तीही खंड क्रमांकाशिवाय. डुप्लिकेटची गर्दी इथूनही वाढते. पहिली नोंद हाताने नीट भरा आणि पुढच्या लेखांसाठी तिच्यावर उजवे क्लिक करून 'डुप्लिकेट आयटम' घ्या. शीर्षक, पाने, मूळ साल आणि लागेल तिथे खंड क्रमांक बदलला की झाले. आयातीपेक्षा हे वेगाने होते आणि संचाच्या नावाचे शुद्धलेखन सगळीकडे एकसारखे राहते.

साल. इथे तीन तारखा एकमेकींत मिसळतात: लेखन पहिल्यांदा कधी छापले गेले, खंड पहिल्यांदा कधी निघाला आणि तुमची प्रत कधी छापली. पहिल्या खंडापुरते हे १९३६ (किंवा त्या त्या लेखाचे साल), १४ एप्रिल १९७९ आणि जानेवारी २०१४ असे आहे. १९७९ची आवृत्ती मुंबईहून महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढली, २०१४चे पुनर्मुद्रण नवी दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानाने केले. 'डेट' रकान्यात तुम्ही ज्या प्रतीची पाने देता त्या प्रतीचेच साल आणि 'पब्लिशर'मध्ये तिचाच प्रकाशक. प्रत २०१४ची आणि साल १९७९चे, किंवा उलटे, असे मिश्रण प्रबंधांत फार दिसते. परीक्षकाला ते लगेच कळते, कारण प्रकाशक आणि साल यांचा मेळच बसत नाही.

मूळ साल जाते 'एक्स्ट्रा' या रकान्यात. तिथे पहिल्या ओळीवर इंग्रजीत ओरिजिनल डेट, मग अपूर्णविराम, मग एक जागा सोडून १९३६, इंग्रजी आकड्यांत. एवढे केले की एपीए शैली मजकुरात 'आंबेडकर, १९३६/२०१४' असे छापते आणि सूचीतल्या नोंदीच्या शेवटी मूळ प्रकाशन १९३६चे असल्याचे कंसात सांगते. तुमची ए, बी, सीची रांगही यानेच मोडते. शैली ती अक्षरे तेव्हाच लावते जेव्हा दोन संदर्भ छापल्यावर हुबेहूब सारखे दिसतात. १९३६/२०१४ आणि १९४७/२०१४ सारखे दिसत नाहीत, मग अक्षराची गरज उरत नाही. आतापर्यंत मजकुरात कुठे हाताने २०१४बी वगैरे टंकले असेल तर ते काढून टाका. मध्ये एक नवी नोंद आली की अक्षरे सरकतात आणि हाताने लिहिलेले तेवढे मागे राहते.

सातव्या खंडात ही पद्धत उपयोगी पडते. त्यात दोन स्वतंत्र पुस्तके एकत्र आहेत, 'हू वेअर द शूद्राज?' हे १९४६चे आणि 'द अनटचेबल्स' हे १९४८चे. दोन बुक सेक्शन, दोन्हींना व्हॉल्यूम ७, मूळ साले वेगळी. तिसरा, चौथा, पाचवा आणि बारावा या खंडांत मात्र थोडे थांबा. त्यांतले बरेचसे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत छापलेच गेले नव्हते. 'रिडल्स इन हिंदुइझम' चौथ्या खंडात १९८७ साली प्रथम वाचकांसमोर आले. तुम्ही २०१४ची प्रत वापरत असाल तर त्याचे मूळ प्रकाशन १९८७. हस्तलिखित साधारण कधीचे असावे याचा अंदाज सालाच्या रकान्यात घालू नका, तो युक्तिवाद मजकुरात करा. तिसरा खंडही १९८७चाच. त्यामुळे या दोन खंडांतल्या लेखनाला १९८७/२०१४ए, १९८७/२०१४बी अशी अक्षरे लागतील. ती लागणे बरोबरच आहे, त्यांच्याशी भांडू नका.

भाषणांचे तसेच. तेराव्या खंडातले संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९चे भाषण उद्धृत करताना पूर्ण दिनांक तुमच्या वाक्यात यायला हवा. सूचीतला संदर्भ वाचकाला खंडापर्यंत नेतो, पण भाषण कोणत्या दिवशी झाले हे वाचता वाचता कळले पाहिजे.

आता भाग. चौदावा खंड, हिंदू कोड बिलाचा, दोन भागांत आहे आणि सतरावा तीन भागांत. शैलींना आकडा आणि मजकूर यांतला फरक कळतो. 'व्हॉल्यूम'मध्ये निव्वळ आकडा असला तर त्याच्या आधी 'व्हॉल.' हे लेबल शैली स्वतः लावते. तुम्ही तिथे चौदा, आडवी रेघ, एक असे लिहिले तर ती रेघ पल्ला मानली जाते आणि चौदा ते एक असे अनेकवचनी, निरर्थक काहीतरी छापले जाते. स्वल्पविराम देऊन भाग एक असे शब्दांत लिहिले तर रकाना आता निव्वळ आकडा राहत नाही आणि बऱ्याच शैली लेबलच गाळतात. या शैली ज्या भाषेत लिहितात त्या सीएसएलच्या नव्या नियमावलीत पार्ट नंबर असे वेगळे चल (व्हेरिएबल) आहे आणि ते एक्स्ट्रा रकान्यातून देता येते, पण शैलीने ते मागितले तरच छापले जाते. म्हणून आधी पार्ट नंबर देऊन सूची छापून पाहा. भाग दिसला नाही तर ती ओळ काढा आणि व्हॉल्यूम रकान्यात लेबलासकट पूर्ण मजकूर लिहा: व्हॉल. १४, पार्ट १. निव्वळ आकडा नसल्याने शैली त्यात ढवळाढवळ करत नाही आणि लिहिले तसे छापते. दिसायला हा उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो.

पूर्ण खंड म्हणजे एकच ग्रंथ असेल तर? चौथ्या खंडाची गोष्ट अशीच, अकराव्यात 'द बुद्धा अँड हिज धम्म' आहे. इथे खंडाला स्वतःचे नाव आहे आणि संचाला स्वतःचे. झोटेरोच्या 'बुक' प्रकारात दोन शीर्षकांसाठी दोन पायऱ्या नाहीत. एपीएची रीत अशी की संचाचे नाव, अपूर्णविराम, व्हॉल. ४, पूर्णविराम, मग खंडाचे नाव, हे सगळे एकाच तिरप्या शीर्षकात यावे. ते तसेच 'टायटल'मध्ये लिहा आणि 'व्हॉल्यूम' रिकामा ठेवा, नाहीतर खंड क्रमांक दोनदा येईल. शीर्षकात खंड क्रमांक घालू नये असा माझा एरवी आग्रह असतो. हा एकच अपवाद मला मान्य आहे, कारण एपीएमध्ये तो शीर्षकाचाच भाग आहे. हाच मजकूर पुढे शिकागो या दुसऱ्या संदर्भपद्धतीच्या नियतकालिकाला द्यायचा असेल तर नोंदीची प्रत काढा. तिच्यात ग्रंथाचे नाव 'टायटल'मध्ये, संचाचे नाव 'सिरीज'मध्ये आणि चार हा आकडा 'सिरीज नंबर'मध्ये ठेवा.

एपीएमध्ये प्रकाशनस्थळ छापले जात नाही. सूचीत मुंबई किंवा नवी दिल्ली दिसली नाही तर काही चुकले असे समजू नका. रकाना तरी भरून ठेवा, शैली बदलली की लागतो.

पूर्ण संचाची नोंद फक्त तेव्हा करा जेव्हा तुम्ही संचाबद्दलच बोलत असाल, म्हणजे तो प्रकल्प, त्याचे संपादन, त्यातल्या गाळलेल्या गोष्टी. तिथे 'नंबर ऑफ व्हॉल्यूम्स' हा रकाना वापरायचा. याच रकान्यात चुकून खंड क्रमांक भरलेला फार ठिकाणी आढळतो, मग सूची म्हणते '७ खंड' आणि तुम्हाला म्हणायचे असते 'खंड ७'. अनेक वर्षे चाललेल्या संचाचे साल पल्ल्यात द्यायचे तर 'डेट' रकान्याला तो नीट कळत नाही. एक्स्ट्रामध्ये इश्यूड, अपूर्णविराम, पहिले साल, तिरकी रेघ, शेवटचे साल असे लिहा आणि छापून खात्री करा.

काही विभाग याउलट सांगतात: सूचीत संच एकदाच, खंड आणि पान तळटीपेत. शिकागोच्या तळटीप पद्धतीत हे सोपे आहे. वर्डमध्ये संदर्भ घालताना पानाच्या चौकटीत तीन, अपूर्णविराम, एकशे पंचवीस असे लिहिले की तसेच छापले जाते, कारण ती शैली पानाला लेबल लावत नाही. एपीए लावते. तिथे हीच युक्ती केली तर 'पी. ३:१२५' असे काहीतरी येते. त्यामुळे यादीतून 'पेज' ऐवजी 'व्हॉल्यूम' निवडा, आकडा ३ द्या आणि 'सफिक्स'च्या (संदर्भाच्या शेवटी जोडायच्या मजकुराच्या) चौकटीत स्वल्पविरामासह पान लिहा. लेखागणिक नोंदी केल्या तर यातले काहीच करावे लागत नाही, फक्त पान द्यायचे. मी लेखागणिक नोंदीच्या बाजूने आहे त्याचे हेही एक कारण.

इतिहासाच्या साधनग्रंथांना वरची कसोटी थोडी वेगळी लागते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'सारख्या खंडांत अभ्यासक पानापेक्षा लेखांक (पत्राचा छापील अनुक्रमांक) देतात, आणि तेच योग्य. पण प्रत्येक पत्राची वेगळी नोंद करत बसलात तर झोटेरो शेकडो नोंदींनी भरून जाईल. तिथे खंडागणिक एक नोंद आणि सफिक्समध्ये 'लेखांक' शब्दासह क्रमांक.

आकड्यांबद्दल वर दोनदा ओझरते आले, ते नीट सांगतो, कारण मराठी प्रबंधात हा घोळ हमखास होतो. झोटेरोच्या 'डेट', 'व्हॉल्यूम' आणि 'पेजेस' रकान्यांत देवनागरी आकडे लिहू नका. तारीख ओळखणारी यंत्रणा इंग्रजी आकडे शोधते. 'डेट' रकान्याच्या उजव्या टोकाला वाय, एम, डी अशी फिकट अक्षरे उमटतात, त्यांवरून साल, महिना, दिवस यांतले काय ओळखले गेले ते कळते. देवनागरीत साल लिहून तिथे वाय उमटला नाही तर सूचीत साल नसल्याची खूण छापली जाईल. खंडाच्या आकड्याचेही तेच, देवनागरी आकडा दिसला की तो निव्वळ आकडा धरला जात नाही आणि लेबल गळते. आत सगळे आकडे इंग्रजी ठेवा. देवनागरी आकडे अगदी शेवटी, फाइलची प्रत काढून, त्या प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' केल्यानंतर शोधा-बदला वापरून करा. अनलिंक केलेल्या फाइलचा झोटेरोशी संबंध तुटतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

'व्हॉल.'ऐवजी 'खंड', 'पीपी.'ऐवजी 'पृ.', 'एड.'ऐवजी 'संपा.' हवे असेल तर एपीए शैलीच्या फाइलची प्रत करून तिच्यात 'लोकॅल' विभाग घालता येतो आणि प्रत्येक संज्ञेला मराठी शब्द देता येतो. प्रतीचे नाव आणि आयडी दोन्ही बदला. आयडी तोच ठेवला तर झोटेरो पुढच्या अद्ययावतीकरणात तुमची फाइल पुसून मूळ शैली परत आणते. एपीएमध्ये संपादकाच्या नावाआधी येणाऱ्या 'इन'ला 'मध्ये' हा शब्द देऊ नका. तो नावाच्या आधी छापला जातो आणि वाक्य उलटे होते. 'समाविष्ट:' असे काही द्या. हे बदल सूचीतल्या इंग्रजी नोंदींनाही लागतात, कारण शैली प्रत्येक नोंदीची भाषा वेगळी पाहत नाही. विभागाला मराठी आणि इंग्रजी सूच्या वेगळ्या हव्या असतील तर ती विभागणी अनलिंक केलेल्या प्रतीत हातानेच करावी लागेल.

नावांचे शुद्धलेखन एकदा ठरवा. 'आंबेडकर' आणि 'अंबेडकर', 'बी. आर.' आणि 'भीमराव रामजी' ही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने वेगवेगळी माणसे आहेत. एपीए मग त्यांच्यात फरक दाखवण्यासाठी मजकुरात आद्याक्षरे घालू लागते, आणि ती अचानक कुठून आली हे कळत नाही. देवनागरीत नाव लिहिताना आद्याक्षरे शैलीवर सोडू नका. 'भी. रा.' असे स्वतः लिहा.

पीडीएफबद्दल थोडक्यात. प्रत्येक लेखाच्या नोंदीला तोच जाडजूड खंड जोडू नका. झोटेरोची मोफत साठवण ३०० एमबी आहे, स्कॅन केलेले दोन-चार खंड ती सहज भरतात. खंडाची एक नोंद फक्त फाइलसाठी ठेवा, लेखांच्या नोंदी 'रिलेटेड'मधून तिला जोडा, आणि ती नोंद मजकुरात उद्धृत करू नका. प्रस्तावनेच्या पानांमुळे फाइलमधले पान आणि छापील पान यांत फरक पडतो. झोटेरोच्या पीडीएफ वाचण्याच्या खिडकीत टिपणावर उजवे क्लिक करून पान क्रमांक बदलता येतो आणि तो पुढच्या पानांनाही लावता येतो. हे पहिल्या टिपणालाच केले की नंतरच्या सगळ्या उद्धृतांची पाने छापील पुस्तकाप्रमाणे येतात.

लाटेक्स या टंकजुळणीच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांचे काम थोडे सुखाचे आहे. बिबलाटेक्स या तिच्या संदर्भांच्या पॅकेजमध्ये संचासाठी एमव्हीबुक हा प्रकार आहे, खंडाची नोंद क्रॉसरेफने त्याला जोडली की संचाचे नाव आपोआप मेनटायटलमध्ये उतरते. एकाच पालक नोंदीची दोन अपत्ये उद्धृत झाली की पालक नोंद सूचीत स्वतःहून येते. ते नको असेल तर मिनक्रॉसरेफ्सचा आकडा वाढवा. खंड आणि पान एकत्र देण्यासाठी व्होलसाइट ही आज्ञा आहे.

तुमच्या प्रबंधात गांधी आणि फुलेही येणारच, म्हणून आवृत्तीबद्दल. 'कलेक्टेड वर्क्स ऑफ महात्मा गांधी'चे छापील खंड १९५८ ते १९९४ या काळात निघाले, ते १०० आहेत. नंतरची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती ९८ खंडांची, आणि तिच्यात खंडांची सरहद्द आणि पाने दोन्ही बदललेली आहेत. नुसते 'खंड ६३, पृ. १५३' लिहिले तर वाचक दोनपैकी एका संचात चुकीच्या पानावर जाऊन पोचतो. 'एडिशन' रकान्यात कोणता संच ते लिहा. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' हा एकच ग्रंथ आहे, त्याला व्हॉल्यूम लागत नाही. पण धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेली १९६९ची आवृत्ती आणि य. दि. फडके यांची १९९१ची आवृत्ती यांची पाने एकमेकांशी जुळतात असे धरून चालणार नाही. संपादक आणि साल जुळवून भरा, 'गुलामगिरी'ला मूळ साल १८७३ आणि 'शेतकऱ्याचा असूड'ला १८८३ एक्स्ट्रामध्ये द्या.

शेवटी, आधीच बिघडलेल्या नोंदींची दुरुस्ती. जुन्या नोंदी पुसून नव्या करू नका. वर्डमधला प्रत्येक संदर्भ झोटेरोतल्या त्या विशिष्ट नोंदीला बांधलेला असतो, नोंद पुसली की तो अनाथ होतो आणि नंतर दुरुस्ती पोचत नाही. ज्या खंडातून तुम्ही एकच लेख वापरला आहे त्याच्या जुन्या नोंदीचा प्रकार 'बुक'वरून 'बुक सेक्शन' करा, रकाने वर सांगितल्याप्रमाणे भरा आणि वर्डमध्ये 'रिफ्रेश' दाबा. सगळे संदर्भ जागच्या जागी सुधारतील. ज्या खंडातून अनेक लेख घेतले आहेत तिथे जुनी नोंद सर्वांत जास्त उद्धृत केलेल्या लेखाला द्या, बाकीच्यांसाठी 'डुप्लिकेट आयटम' काढा आणि वर्डमध्ये त्या त्या संदर्भावर जाऊन नोंद बदला. पान क्रमांकावरून कोणता लेख ते कळतेच. आधी कधी मर्ज झालेच असेल तर झोटेरोची कचरापेटी उघडा. तिथल्या नोंदी ३० दिवसांनी आपोआप कायमच्या पुसल्या जातात, तोवर त्या परत आणता येतात. दुरुस्ती आजच सुरू केलीत तर कचरापेटीपासून सुरुवात करा.